आकाशासाठी घडवलेली तोफ जमिनीवर का गाजली?

ज्वारी हुरड्यात आली की आजोबा आम्हा पोरांना राखणीला माळ्यावर बसवायचे. हातात गोफण आणि पायाशी खड्यांचा ढीग. पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळायच्या. एक म्हणजे, हाताने भिरकावलेला खडा चार सऱ्यांपलीकडे जाऊन मुकाट खाली पडतो, पण तोच खडा गोफणीतून सुटला की सणसणत थेट बांधापर्यंत जातो. खडा तोच, फरक फक्त वेगाचा. दुसरी गोष्ट म्हणजे, उडत्या पाखरावर नेम धरून मारलं तर खडा पोचेपर्यंत पाखरू तिथे नसतंच. ते पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून, रिकाम्या आभाळात मारावं लागतं. आणि ते बहुतेक वेळा हुकतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन तोफांचा सगळा इतिहास मला या दोन गोष्टींत दिसतो. त्यातही ८८ मिलिमीटर व्यासाची एक तोफ इतकी गाजली की जर्मन सैनिक तिला नुसतं 'आख्ट-आख्ट', म्हणजे 'आठ-आठ' म्हणत. ती बनवली होती विमानं पाडायला. तिचा दरारा बसला तो मात्र रणगाड्यांवर. असं का झालं, हे नीट उलगडून सांगण्यासारखं आहे.

आधी नावांचा गुंता सोडवू. विमानांवर मारा करणाऱ्या तोफेला जर्मन सैन्यात 'फ्लाक' म्हणत आणि रणगाड्यांवर मारा करणाऱ्या तोफेला 'पाक'. दोन्ही शब्द म्हणजे लांबलचक जर्मन नावांची आखूड रूपं. फ्लूग म्हणजे उड्डाण, पांत्सर म्हणजे चिलखत किंवा रणगाडा, आबवेर म्हणजे परतवून लावणं आणि कानोने म्हणजे तोफ. नावापुढचा आकडा बहुधा वर्ष सांगतो: फ्लाक ३६, पाक ४०. पण ८८ मिलिमीटरच्या पहिल्या नव्या तोफेचं नाव होतं फ्लाक १८, आणि ती १९१८ सालची मुळीच नव्हती.

पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर नव्या तोफा बनवण्याबाबत कडक बंधनं घातली होती. मग क्रुप या बड्या पोलाद कारखान्याचे अभियंते स्वीडनमध्ये बोफोर्सकडे जाऊन बसले आणि आराखड्याचं काम तिथे सुरू ठेवलं. (बोफोर्स हे नाव आपल्याकडे १९८० च्या दशकात घरोघरी पोचलं, पण तोफांच्या जगात ते त्याआधी कितीतरी वर्षं मोठं होतं.) १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मंडळी आराखडा घेऊन परतली आणि १९३३ पासून तोफा बाहेर पडू लागल्या. नाव दिलं '१८', म्हणजे कागदावर ती जुन्याच युद्धातली वाटावी. पुढे फ्लाक ३६ आणि फ्लाक ३७ आल्या. बाहेरून तिन्ही बहिणीच. ३६ मध्ये नळीचं अस्तर तुकड्यांत केलं, म्हणजे झिजलेला भागच बदलता यावा. ३७ मध्ये आकडे वाचायची पद्धत सुधारली. ती पद्धत कळल्याशिवाय ही तोफ कळत नाही.

सात-साडेसात हजार मीटर उंचीवरून बॉम्बफेकी विमानांचा थवा येतोय अशी कल्पना करा. वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तोफेतून गोळा सुटतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ८२० मीटर असतो, पण वर चढता चढता हवेने आणि गुरुत्वाकर्षणाने तो मंदावत जातो. एवढ्या उंचीवर पोचायला त्याला वीस-पंचवीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात विमान जवळजवळ दोन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे पुण्यात डेक्कनवर दिसणाऱ्या विमानासाठी गोळा शनिवारवाड्याच्या वरच्या आभाळात पाठवायचा, आणि तोही अचूक उंचीवर. माळ्यावरच्या पोराचाच प्रश्न, फक्त हजारपट मोठा.

हा अंदाज माणसाच्या नजरेवर सोडणं शक्यच नव्हतं. म्हणून एका तुकडीत आधी चार, पुढे सहा आणि त्याहून जास्त तोफा असायच्या आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर एक यंत्र. यंत्रावर आडवी, तब्बल ४ मीटर लांबीची दुर्बीण. आपल्याला दोन डोळ्यांमुळे खोली कळते. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघा, लगेच पटेल. पण आपल्या डोळ्यांत अंतर सहा-सात सेंटिमीटरचं, त्यामुळे काही शे मीटरांपलीकडे ती जाण संपते. दोन 'डोळे' ४ मीटर लांब ठेवले की हीच जाण कितीतरी हजार मीटरांपर्यंत पोचते. दुर्बिणीवरचा माणूस विमानाचं अंतर सांगायचा, बाकीचे दिशा आणि उंची धरून ठेवायचे, आणि यंत्राच्या पोटातली दातेरी चाकं फिरून उत्तर काढायची. वीज-इलेक्ट्रॉनिक्सचा संगणक येण्याआधीचा हा पोलादी संगणकच होता. पुढे ढगांत आणि रात्री अंतर सांगायला वुर्त्सबुर्ग नावाचं रडारही जोडीला आलं.

यंत्रातून तीन आकडे निघत: तोफ कुठल्या दिशेला वळवायची, नळी किती उचलायची आणि गोळा किती सेकंदांनी फोडायचा. हे आकडे तारेतून प्रत्येक तोफेपर्यंत जात. जुन्या तोफांवर गोल तबकडीत छोटे दिवे लागत. फ्लाक ३७ वर त्याऐवजी काटे आले. तोफेवरच्या माणसाला आपल्याकडे पूर्वी गोलंदाज म्हणत. या गोलंदाजाने हातचाक फिरवून आपला काटा त्या काट्यावर नेऊन ठेवायचा आणि तिथून हलू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. त्याला विमान दिसायची गरजच नव्हती. डोक्यावर आभाळ फाटत असतानाही त्याने एका तबकडीकडेच बघत राहायचं होतं.

आता गोळ्याकडे येऊ. गोळा आणि त्याचं पितळी किंवा पोलादी काडतूस एकत्रच असे. लांबी मीटरभर, वजन साधारण १५ किलो, आणि त्यातला वर जाणारा गोळा ९ किलोचा. गोळ्याच्या नाकात घड्याळ असायचं, खरंखुरं चावीचं घड्याळ, जास्तीत जास्त ३० सेकंद चालणारं. तोफेच्या डाव्या बाजूला दोन वाट्या असलेलं यंत्र होतं. गोळा उलटा करून त्याचं नाक वाटीत खुपसलं की घड्याळ ठरलेल्या सेकंदांवर लागायचं. तो उचलून भरणाऱ्याच्या हातात जायचा. भरणाऱ्याच्या हातात जाड कातडी मोजा. त्याने गोळा आत ढकलला की मागचं दार आपोआप बंद. धडाका होई, नळी झटक्याने मागे येऊन पुन्हा जागेवर जाई, रिकामं काडतूस खणखणत बाहेर पडे, आणि पुढचा गोळा हातात तयार. सराईत माणसं मिनिटाला १५ ते २० गोळे सोडत. म्हणजे दर तीन-चार सेकंदांना पंधरा किलोंचं एक ओझं उचलायचं, फिरवायचं आणि ढकलायचं, तासन्‌तास.

एवढी जुळवाजुळव करून पडत किती विमानं? १९४४ च्या सुमाराचा वारंवार दिला जाणारा हिशेब असा: ८८ मिलिमीटरच्या साध्या फ्लाक तोफांना एक विमान पाडायला सरासरी १६ हजार गोळे लागत.

सोळा हजार. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. पण विचार केला की पटतो. वर पोचलेला गोळा सेकंदाला अडीचशे-तीनशे मीटरने जात असतो. घड्याळात सेकंदाच्या दहाव्या हिश्शाची चूक झाली तरी तो पंचवीस-तीस मीटर अलीकडे किंवा पलीकडे फुटतो. त्याच्या कपच्यांनी विमान नक्की पडावं तर तो काही मीटरांच्या आत फुटायला हवा. त्यात वाऱ्याचा, हवेच्या घनतेचा आणि झिजलेल्या नळीचा फरक मिळवा. शिवाय सगळं गणित एका गृहीतावर उभं होतं: वैमानिक ती पंचवीस सेकंदं सरळ आणि एकाच उंचीवर उडत राहील. तो तसा नेहमी उडत नसे. फक्त बॉम्ब सोडण्याआधीच्या काही मिनिटांत त्याला नाक सरळ ठेवावंच लागे, कारण त्याच्याही बॉम्बचा नेम त्यावर अवलंबून. म्हणून शहराच्या तोंडाशी तोफांचा मारा सगळ्यात भयंकर असायचा, आणि दोन्ही बाजूंना ते माहीत होतं.

जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यात ब्रिटिशांनी विमानांतून चकचकीत पातळ पट्ट्यांचा पाऊस पाडला आणि जर्मन रडारच्या पडद्यावर खऱ्या विमानांऐवजी नुसता धुरळा दिसू लागला. त्यानंतर तर अनेकदा आभाळाचा एक चौकोन ठरवून त्यात आंधळेपणाने गोळे भरत राहणंच हाती उरलं.

पण १६ हजारांच्या आकड्यावरून या तोफा फुकट गेल्या असं म्हणणं मला पटत नाही. त्यांच्या भीतीने विमानं उंच जात, आणि उंचावरून टाकलेले बॉम्ब भरकटत. पाडलेल्यांपेक्षा छिद्रं पडून कशीबशी घरी पोचलेली विमानं कितीतरी जास्त होती. युद्धाच्या शेवटच्या वर्षात अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचं मोठं नुकसान लढाऊ विमानांपेक्षा जमिनीवरच्या तोफांनीच केलं. मात्र त्यासाठी जर्मनीने मोजलेली किंमत प्रचंड होती. हजारो तोफा, डोंगराएवढा दारूगोळा आणि लाखो माणसं आभाळाकडे तोंड करून बसवावी लागली, आणि तेवढी सगळी रशियाच्या आघाडीवर कमी पडली.

माणसं कमी पडली तेव्हा शाळकरी मुलं आणली. फेब्रुवारी १९४३ पासून पंधरा-सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना वर्गच्या वर्ग विमानवेधी तुकड्यांवर मदतनीस म्हणून पाठवायला सुरुवात झाली. शिक्षक तोफांजवळ येऊन तास घेत. रात्रभर गोळे उचललेली मुलं दिवसा लॅटिन आणि गणिताच्या वह्या उघडून बसत. पुढे पोप झालेले जोसेफ रॅट्झिंगर त्या वयात म्युनिकच्या परिसरात असेच मदतनीस होते. दुर्बिणी आणि काटे सांभाळायला तरुण मुली आल्या, आणि गोळे वाहायला रशियन युद्धकैदीही जुंपले गेले. कारखाने आणि मोठ्या इमारती राखणाऱ्या या तोफांच्या पाठीशी दहावीतली पोरं होती, हे मला त्यांच्या तांत्रिक माहितीपेक्षा जास्त लक्षात राहतं.

आता नळी खाली घेऊ.

उंच जाण्यासाठी गोळ्याला वेग द्यावा लागला, वेगासाठी लांब नळी आणि भरपूर दारू लागली. ८८ ची नळी जवळजवळ ५ मीटरची होती. आणि नळी ८५ अंशांपर्यंत वर जायची तशी क्षितिजाच्या ३ अंश खालीही यायची. अशी तोफ आडवी केली की काय होतं?

पहिला फायदा धडकेचा. धडकेतली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. जर्मनीने युद्ध सुरू केलं तेव्हा तिच्या पायदळाकडची रणगाडाविरोधी तोफ होती ३७ मिलिमीटरची पाक ३६. तिचा गोळा जेमतेम ७०० ग्रॅमचा. ८८ चा चिलखतभेदी गोळा साडेनऊ किलोंचा. सुटताना दोघांचा वेग जवळपास सारखाच, पण ऊर्जेचा हिशेब मांडला तर ८८ चा फटका पंधरापट बसतो. शिवाय जड गोळा हवेत लवकर मंदावत नाही. हजार मीटरवर हलका गोळा दमलेला असतो, जड गोळा नाही.

दुसरा फायदा कमी बोलला जातो आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे: वाट सपाट राहते. ८८ चा गोळा १ हजार मीटर अंतर सुमारे सव्वा सेकंदात कापतो. एवढ्या वेळात त्याची कमान नजरेच्या रेषेपासून फार तर २ मीटर वर जाते, आणि रणगाडा उंचीला साधारण अडीच मीटर असतो. म्हणजे वाळवंटात, जिथे झाड ना घर, अंतराचा अंदाज शंभर मीटरने चुकला तरी गोळा रणगाड्याला कुठे ना कुठे लागतोच. याच्या निम्म्या वेगाच्या तोफेची कमान आठ मीटरांपर्यंत जाते. तिथे अंतर चुकलं की गोळा डोक्यावरून गेला किंवा समोर मातीत गेला. आणि सव्वा सेकंदात रणगाडा किती सरकणार? पाच-दहा मीटर. आभाळातले पंचवीस सेकंद आणि जमिनीवरचा सव्वा सेकंद, या एका फरकात सोळा हजार गोळे आणि दोन-तीन गोळे यांमधलं अंतर आलं.

स्पेनच्या यादवी युद्धात १९३६ पासून जर्मन तुकड्यांनी या तोफा जमिनीवर वापरून पाहिल्या होत्या. त्यामुळे चिलखतभेदी गोळे आणि थेट नेम धरायची दुर्बीण त्यांच्याकडे आधीच तयार होती. खरी गरज २१ मे १९४० ला फ्रान्समध्ये आरासजवळ पडली. ब्रिटिशांचे सत्तरच्या आसपास मटिल्डा रणगाडे जर्मन सेनापती रोमेलच्या डिव्हिजनवर चालून आले. मटिल्डाच्या पुढच्या चिलखताची जाडी धाकट्या प्रकारात ६० मिलिमीटर आणि थोरल्यात ७८. पाक ३६ चे गोळे त्यावर आपटून नुसते उडत होते. जर्मन सैनिकांनीच पुढे या बिचाऱ्या तोफेला 'लष्कराचं दार ठोठावायचं यंत्र' असं नाव ठेवलं. दार वाजतं, उघडत नाही. तेव्हा रोमेलने मैदानी तोफा आणि विमानांसाठी आणलेल्या ८८ एका रांगेत उभ्या केल्या, आणि हल्ला तिथे थांबला.

वर्षभराने हाच खेळ उत्तर आफ्रिकेत झाला, आणि त्यात आपली माणसं होती. इजिप्त-लिबियाच्या सीमेवर हलफाया नावाची खिंड आहे. समुद्राकाठच्या सपाटीवरून उंच पठारावर चढायची वाट. ब्रिटिश सैनिकांनी तिच्या नावावरून तिला 'हेलफायर', म्हणजे नरकाग्नीची खिंड, केलं होतं. तिथे कॅप्टन विल्हेल्म बाख, पेशाने पाद्री असलेला अधिकारी, मोजक्या ८८ तोफा घेऊन बसला होता. त्याने तोफा खड्ड्यांत इतक्या खोल उतरवल्या होत्या की नळीच काय ती जमिनीवर दिसावी. १५ जून १९४१ ला चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या ११ व्या ब्रिगेडने खिंडीवर चाल केली. वरच्या बाजूने स्कॉटिश कॅमेरन हायलँडर्स, सोबत मटिल्डा रणगाडे. खालच्या बाजूने राजपुताना रायफल्स आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, म्हणजे आपली मराठा पलटण. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगावकडच्या पोरांनी भरलेली पलटण.

वरच्या रणगाड्यांना बाखने जवळ येऊ दिलं. मग काही मिनिटांत एक सोडून सगळे मटिल्डा जळत होते. खालच्या बाजूचे रणगाडे सुरुंगांत अडकले. रणगाड्यांवाचून पायदळाला उघड्या वाळूत पुढे सरकणं अशक्य होतं. तीन दिवसांच्या त्या मोहिमेत ब्रिटिशांनी ९० च्या वर रणगाडे गमावले. खिंड पडली ती पुढच्या जानेवारीत, अन्नपाणी संपल्यावर बाखने शरणागती पत्करली तेव्हा. आणि त्याच मराठा बटालियनवर २० जून १९४२ ला तोब्रुकच्या आग्नेय बाजूला रोमेलचा मुख्य घाव पडला. तोब्रुक दुसऱ्या दिवशी गेलं आणि पलटणीतले कितीतरी जवान युद्धकैदी झाले. पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या घरांत 'आमचे आजोबा आफ्रिकेत पकडले गेले होते' असं सांगितलं जातं, तिथली गोष्ट बऱ्याचदा इथपर्यंत पोचते.

मग ब्रिटिशांनी आपली विमानवेधी तोफ का नाही आडवी केली? त्यांच्याकडे ९४ मिलिमीटरची तोफ होती आणि ती ताकदीने ८८ पेक्षा कमी नव्हती. पण वजन ९ टनांच्या घरात, रणगाड्यावर नेम धरायची सोय मुळात नाही, आणि बंदरं व विमानतळ सोडून तिला पुढे न्यायला वरिष्ठ तयार नसत. जर्मन ८८ मांडलेली असताना ५ टनांची होती. चार बाहूंच्या पायावर बसायची, बाहू मिटून चाकांवर चढवली की अर्धपट्टेदार ट्रॅक्टर तिला ओढून न्यायचा, आणि ही बदलाबदल मिनिटांची होती. माझं मत स्पष्ट आहे: ८८ च्या नावलौकिकात तोफेइतकाच वाटा ती पुढे आणायची हिंमत आणि आधीच दिलेला योग्य गोळा यांचा आहे.

ती अजिंक्य होती ही मात्र दंतकथा. जमिनीपासून नळी पुरुषभर उंच. खड्ड्यात उतरवायला वेळ मिळाला नाही तर ती लांबूनच दिसे. पुढे पातळ ढाल, तीही प्रत्येक तोफेला नाही. दहा-अकरा माणसं उघड्यावर. दूरच्या मैदानी तोफेचे फुटणारे गोळे आजूबाजूला पडू लागले की या माणसांचं काही खरं नसे. आफ्रिकेत सुरुवातीला ब्रिटिश रणगाड्यांच्या तोफांना फुटणारे गोळेच दिलेले नव्हते, नुसते भरीव पोलादाचे होते. म्हणून ८८ समोर ते हतबल ठरले. अमेरिकी ग्रँट आणि शर्मन रणगाडे फुटणारे गोळे घेऊन आले तेव्हा चित्र बदलायला लागलं.

पाक तोफांची कहाणी वेगळ्या वळणाची आहे, तिच्यात सतत वजन वाढत जातं. पाक ३६ चं वजन साडेतीनशे किलोंच्या आत. चार माणसं तिला हाताने ओढत झाडीत लपवत. १९४१ च्या उन्हाळ्यात रशियात टी-३४ आणि केव्ही रणगाडे समोर आले आणि तिचं काम संपलं. ५० मिलिमीटरची पाक ३८ आली. ती टंगस्टनच्या गाभ्याचा गोळा असला तरच खात्रीने चाले, आणि टंगस्टन जर्मनीत पुरेसं नव्हतं. ते पोर्तुगाल-स्पेनहून यायचं आणि कारखान्यांतल्या कापायच्या हत्यारांनाही तेच लागायचं. एक विलक्षण चलाख तोफही निघाली होती. तिची नळी मागे २८ मिलिमीटर आणि तोंडाशी २० मिलिमीटर. गोळा चिमटत बाहेर पडायचा, सेकंदाला १,४०० मीटर वेगाने. टंगस्टन संपलं तशी तीही संपली. हाताशी आलेल्या फ्रेंच नळ्या जर्मन तोफगाड्यांवर बसवल्या, रशियन तोफा जिंकून आपल्या माणसांच्या हाती दिल्या. हा सगळा गडबडीचा काळ.

मग १९४२ पासून ७५ मिलिमीटरची पाक ४० आली आणि शेवटपर्यंत तीच जर्मन पायदळाचा कणा राहिली. जवळपास २३ हजार बनल्या. उंची सव्वा मीटर, म्हणजे ज्वारीच्या ताटांत सहज दडेल एवढीच. पोलादाचा साधा ६.८ किलोचा गोळा, टंगस्टनची गरज नाही, आणि हजार मीटरवरून टी-३४ किंवा शर्मन भेदायची ताकद. खरं सांगायचं तर जास्तीत जास्त रणगाडे थांबवण्याचं श्रेय ८८ पेक्षा या मुकाट तोफेला द्यायला हवं. पण वजन १,४२५ किलो. रशियात पाऊस आणि वितळणाऱ्या बर्फाने रस्त्यांचा चिखल झाला की तिला हाताने हलवणं अशक्य. मागे हटायची वेळ आली की ट्रॅक्टर न पोचलेल्या तोफा जागेवरच सोडून द्याव्या लागत.

शेवटी दोन्ही वाटा एकत्र आल्या. ८८ ची नळी टायगर रणगाड्यात बसली, आणि तिची आणखी लांब, सेकंदाला १ हजार मीटर वेगाची बहीण पाक ४३ म्हणून जमिनीवर उतरली. दीड-दोन किलोमीटरवरून तिच्यापुढे टिकेल असा रणगाडा दोस्त राष्ट्रांकडे जवळपास नव्हता. तिची एक आवृत्ती घाईने, हाती आलेल्या तोफगाड्यावर बसवली होती आणि ती चार टनांहून जड होती. सैनिक तिला 'कोठाराचं दार' म्हणत. ठोठावण्यापासून दारापर्यंत तीन वर्षं.

आभाळाच्या बाजूला मात्र तोफ हरत चालली होती. अमेरिकी आणि ब्रिटिशांनी गोळ्याच्या नाकात छोटा रेडिओ बसवला. गोळा लक्ष्याच्या जवळून जाताना तो स्वतःच ओळखून फुटायचा. घड्याळ लावणं नको आणि सेकंदाच्या हिश्शाची चूकही नको. १९४४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावर जर्मन व्ही-१ उडते बॉम्ब याच गोळ्यांनी पाडले गेले. जर्मनांना असा गोळा वापरात आणता आला नाही. त्यांनी १२८ मिलिमीटरच्या जोडतोफा काँक्रीटच्या प्रचंड मनोऱ्यांवर चढवल्या: बर्लिन, हॅम्बुर्ग, व्हिएन्ना. एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाजवळच्या मनोऱ्यावरून याच तोफा नळ्या खाली करून सोव्हिएत फौजेवर डागल्या गेल्या.

हे मनोरे एकेका जागी जोडीने बांधत. एकावर तोफा, आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्यावर रडार, दुर्बीण आणि दातेरी चाकांचं ते गणिती यंत्र. त्यांच्या भिंती इतक्या जाड की व्हिएन्नात ते पाडणंच झालं नाही. तिथल्या एस्टरहाझी पार्कमधल्या गणिताच्या मनोऱ्यात आज मत्स्यालय आहे. ज्या इमारतीतून विमानाची उंची आणि वेग मोजून तोफेचे आकडे तारेने कळवले जायचे, तिथे आता शाळेच्या सहली येतात आणि मुलं काचेला नाक लावून शार्क बघतात.